पावण्याची खुर्ची

अक्काताईच्या खानावळीतून अर्धपोटी उठलेला माणूस कोल्हापूरच्या उद्यमनगरात शोधून सापडला नसता. नवरा वारला तेव्हा तिनं शेजारच्या कारखान्यातल्या चार कामगारांसाठी भाकऱ्या थापायला घेतल्या, आणि दहा वर्षांत त्या चार माणसांची शंभर माणसं झाली. फौंड्रीतले, लेथवरचे, सुटे भाग न्यायला आलेले परगावचे व्यापारी, सगळे दुपारी तिच्या पत्र्याच्या शेडखाली मांडी घालून बसायचे. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, झुणका, सणावाराला गव्हाची गूळ घातलेली हुग्गी. लिंगायताचं घर, अंड्या-मटणाचं नाव नाही. कुणी "पुरं आता" म्हणून ताटावर हात आडवा धरला, तर अक्काताई आधी त्याच्या तोंडाकडं बघायची. हात खोटं बोलतोय असं वाटलं की बोटांच्या फटीतून वाढायची.

दोन हजार एक सालची गोष्ट. दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. सकाळी दार उघडलं तर समोरच्या विजेच्या खांबाला एक कुत्रं बांधलेलं. साधंसुधं नव्हे, उंच कानांचं अल्सेशियन. गळ्यात चामड्याचा भारी पट्टा. पण अंगावर नुसती कातडी राहिलेली, बरगड्या लांबूनच मोजाव्यात अशा. पट्ट्यात वहीच्या कागदाची घडी खोचली होती. त्यावर सुबक अक्षरात लिहिलेलं: "खाल्लेलं पोटात टिकत नाही. सगळे उपाय केले. क्षमा असावी."

अक्काताईनं तो कागद दोनदा वाचला. कुत्र्याशी तिचा उभ्या जन्मात संबंध आला नव्हता. पण त्या जनावरानं मान वर करून स्वयंपाकघरातून येणारा भाकरीचा वास घेतला, आणि त्याच्या तोंडातून लाळेची तार सुटली.

"भुकेलंय की रं हे," ती म्हणाली.

तिनं दूधभाकरी कुस्करून पुढं ठेवली. कुत्र्यानं वाडगं चाटूनपुसून लख्ख केलं. अक्काताई समाधानानं कमरेवर हात ठेवून बघत होती, तेवढ्यात त्यानं मान खाली घातली आणि सगळी दूधभाकरी, जशीच्या तशी, जमिनीवर आली. ओकारीचा आवाज नाही, कळ नाही. घागर कलंडावी तशी बाहेर. आणि ओशाळल्यासारखं ते तिच्याकडं बघत राहिलं.

दुसरी बाई असती तर नाकाला पदर लावून आत गेली असती. अक्काताईला मात्र राग आला. राग कुत्र्यावर नव्हता. आपण वाढलेलं अन्न कुणाच्या पोटात थांबत नाही म्हणजे काय, हा राग होता. तिनं पुन्हा दिलं, पुन्हा पडलं. पातळ दिलं, घट्ट दिलं, ताक दिलं. दुपारी पंगत बसली तेव्हा कामगार विचारायला लागले, "अक्का, कुत्रं कुणाचं?"

"पावणा हाय," ती फणकाऱ्यानं म्हणाली. "जेवा तुम्ही."

त्या दिवसापासून त्याचं नाव पावणा पडलं.

त्याच पंगतीत जोतीराम जेवायचा. पन्नाशीचा, एकटा, फारसं न बोलणारा. त्याचं काम पॅटर्नमेकरचं, म्हणजे लोखंडाचा जो भाग ओतायचा त्याचा आधी लाकडात हुबेहूब नमुना करायचा. त्याच्या हातचं माप केसभर चुकत नाही अशी ख्याती. जेवण झाल्यावर तो खांबाजवळ जाऊन उकिडवा बसला, पावण्याच्या गळ्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाला, "अक्का, नळी कुठंतरी सैल झालीया याची. डॉक्टरला दाखवू या."

जनावरांच्या दवाखान्यात विद्याश्री नावाची नवी डॉक्टरीण आली होती. शिरोळकडची शेतकऱ्याची लेक. गाभण म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारी, बोलायला फटकळ. तिनं ओळखीच्या एक्स-रेवाल्याकडं पावण्याला नेलं, पांढरं औषध पाजलं आणि फोटो काढला. फोटो खिडकीच्या उजेडात धरून ती अक्काताईला दाखवायला लागली.

"ही अन्ननळी. इथं घास ढकलायला जोर लागतो, तो हिच्यात न्हाय. पिशवीगत फुगून लोंबतीया. अन्न पोटापर्यंत जातच न्हाय, मधीच साठतंय आणि मान खाली गेली की भायेर."

"औषध?"

"न्हाय."

"ऑपरेशन?"

"त्येबी न्हाय." बहुतेक लोक इथं उठून जातात हे विद्याश्रीला ठाऊक होतं. "एकच वाट हाय. त्येला माणसावानी ताठ बसवून भरवायचं. उभ्या नळीतनं अन्न आपल्या वजनानं खाली उतरंल. जेवण झाल्यावरबी तसंच बसवून ठेवायचं, वीस-पंचवीस मिनिटं. दिवसातनं चार वेळा, थोडं थोडं. रोज. जन्मभर."

अक्काताईनं विचार केला. घड्याळाचा हिशेब तिला कधी लागला नव्हता. तिचा वेळ तव्यावर चालायचा.

"पंचवीस मिनिटं म्हंजे बारा भाकऱ्या," ती म्हणाली. "तेवढ्यात काय जातंय माझं?"

विद्याश्रीनं एक्स-रे खाली ठेवला आणि पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, "आणि त्येला अंडी लागतील. ताकद यायला पायजे."

अक्काताईचा चेहरा उतरला. अंडं तिच्या चुलीवर! सासू वरून बघत असंल तर? पण जोतीराम दाराशी उभा होता. "माझ्या वर्कशॉपात सरस वितळवायची शेगडी हाय," तो शांतपणे म्हणाला. "तितं उकडतो की."

पहिले आठ दिवस अक्काताईनं पावण्याला मांडीत धरून भरवलं. ती भिंतीला टेकून बसायची, पावण्याला पोटाशी उभा धरायची, एका हातात त्याची छाती, दुसऱ्या हातात घास. नाचणीची घट्ट पेज आणि कुस्करलेलं अंडं. घास खाली उतरायचा, गळ्याशी लावलेल्या हाताला तो सरकताना कळायचा. पहिल्या दिवशी बारा भाकऱ्यांचा वेळ झाला, तिनं हात सोडला, पावणा चार पायांवर उभा राहिला. काही पडलं नाही.

"ऱ्हायलं!" ती एवढ्यांदा ओरडली की भट्टीवरची दोन माणसं कोण पडलं म्हणून धावत आली.

पण तिची कंबर धरायला लागली. चौथ्या दिवशी ती पिठाच्या डब्याला धरून उठली. जोतीराम ते बघत होता. पाचव्या दिवशी तो कॅलिपर आणि लाकडी फूटपट्टी घेऊन आला आणि पावण्याचं माप घ्यायला लागला. खुब्यापासून खांद्यापर्यंत, छातीचा घेर, बगलेची उंची. पावणा मोठ्या इमानानं उभा होता, अधूनमधून जोतीरामचा कान चाटत होता.

"काय ओतायचंय याचं?" भोवतीचे चेष्टा करायला लागले.

जोतीराम आकडे वहीत टिपत राहिला. रविवारी त्यानं सागवानाची एक खुर्ची आणून ठेवली. तीन बाजूंनी बंद, समोर फळी, फळीला पुढचे पाय ठेवायला खाचा, बुडाशी काथ्याची गादी. पावण्याला आत बसवला. तो बसला, इकडंतिकडं बघितलं आणि गर्रकन उलटा फिरून पाठ पंगतीकडं करून बसला. हसून हसून लोकांच्या हातातले घास पडले. जोतीराम मात्र गंभीरपणे म्हणाला, "दीड इंच जास्त झालं." खुर्ची परत गेली, दोन दिवसांनी आली, आणि या खेपेला पावणा तिच्यात असा बसला की जणू गावचा पाटील कचेरीत बसलाय.

मग तो पंगतीचाच भाग झाला. दुपारी माणसं बसायची, शेडच्या टोकाला पावणा खुर्चीत बसायचा, समोरच्या फळीवर त्याचं वाडगं. महिन्याभरात बरगड्या दिसेनाशा झाल्या. दोन महिन्यांत अंगावर असा तुकतुकीत काळा-तांबूस केस आला की वाटसरू थांबून बघायला लागले.

एकदा घात झालाच होता. कृष्णात नावाचा नवा फिटर जेवायला यायला लागलेला, जीव लावणारा माणूस. पावणा जमिनीवर पसरलेला बघून त्यानं प्रेमानं भाकरीचा मोठा तुकडा त्याच्या तोंडात दिला. तुकडा नळीत अडकला, उलटला आणि थोडा श्वासनळीतून छातीत उतरला. रात्रभरात ताप, सकाळी श्वास घरघरायला लागला. विद्याश्रीनं दहा दिवस इंजेक्शनं दिली. कृष्णात दहाही दिवस कामावर जाण्याआधी येऊन, पावण्याची छाती हलक्या हातानं थोपटून, डोळे पुशीत निघून जायचा. अकराव्या दिवशी पावण्यानं उठून त्याच्याच खिशात नाक खुपसलं. अक्काताईनं कृष्णातला एक शब्द बोलून दाखवला नाही. फक्त भाज्या लिहायच्या फळ्यावर तळाला खडूनं ठळक ओळ आली: "पावण्याला परस्पर काही देऊ नये."

सगळं बरं चाललं होतं, पण घरच्यांना ते रुचलं नाही. गडहिंग्लजला अक्काताईचे थोरले दीर शिवशरणआप्पा राहायचे. किराण्याचा मोठा व्यापार, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, घरात त्यांचा शब्द म्हणजे शब्द. एकदा बाजारहाटाला कोल्हापूरला आले आणि न कळवता खानावळीत आले. नेमका पावणा खुर्चीत बसून पेज खात होता.

आप्पांच्या हातातली पिशवी खाली आली. "माणसांच्या पंगतीत कुत्रं? खुर्चीवर? आणि ते पिवळं काय हाय वाडग्यात?"

"अंडं हाय, भावजी," अक्काताईनं सरळ सांगून टाकलं. "चुलीवर केल्यालं न्हाय. भायेरनं येतंय."

"आमचं घराणं कुठलं, आणि तू..." त्यांनी पिशवी उचलली आणि आल्या पावली गेले. त्यानंतर दोन वर्षं ना पत्र, ना फोन. पुतण्याच्या पोराचं बारसंसुद्धा तिला परक्याकडून कळलं. ती वरवर हसायची, पण शेंगापोळी करायला घेतली की मन खट्टू व्हायचं. आप्पांना तिच्या हातची शेंगापोळी फार आवडायची.

दोन हजार चारच्या फेब्रुवारीत फोन आला. आप्पांचा मुलगा वीरेश बोलत होता. आवाज फुटलेला. "काकू, आप्पास्नी झटका आलता. दवाखान्यातनं घरी आणलंय. उजवा हात गेलाय. आणि काय बी गिळता येईना. नाकात नळी घातलेली, ती त्यांनी उपसून फेकली. पाणी दिलं तरी ठसका लागतोय. पंधरा दिवसांत निम्मं झाल्यात. तू ये की."

अक्काताईनं खानावळीच्या किल्ल्या जोतीरामकडं दिल्या, पावण्याच्या चार वेळा कृष्णातला नेमून दिल्या आणि मिळाली ती एसटी धरली.

गडहिंग्लजच्या घरात सगळी माणसं दबक्या पावलांनी फिरत होती. आप्पा पलंगावर उताणे पडलेले, उशी पातळ, हनुवटी वर. सून डोळ्यांत पाणी आणून चमच्यानं पातळ ताक त्यांच्या ओठांत सोडत होती. दुसऱ्याच चमच्याला आप्पांना ठसका लागला, डोळे पांढरे झाले, सगळं ताक गळ्यावरून उशीत गेलं.

अक्काताई उंबऱ्यातच थबकली. हे तिनं बघितलं होतं. सव्वादोन वर्षांपूर्वी, विजेच्या खांबाखाली.

"थांब, पोरी," ती म्हणाली. "आडवं करून पाजू नकोस. वीरेश, आधी डॉक्टरला फोन लाव."

तिनं फोनवर घरच्या डॉक्टरांना सरळ विचारलं: पेशंटला ताठ बसवून, घट्ट करून, चमच्या चमच्यानं भरवलं तर चालंल का? पलीकडून डॉक्टर म्हणाले, "अहो, तेच तर सांगून पाठवलं होतं. हनुवटी थोडी खाली झुकवा, घाई करू नका, जेवल्यावर पंचवीस मिनिटं तरी आडवं करू नका. कुणी शिकवलं तुम्हाला?"

"हाय आमच्यात एक जाणकार," अक्काताई म्हणाली आणि फोन ठेवला.

भिंतीला लोड लावले, दोन्ही कुशीला उशा खोचल्या, आप्पांना ताठ बसवलं. आप्पांनी डोळे उघडले, समोर भावजय बघितली आणि मान फिरवली. जिभेला जडत्व होतं, पण डोळ्यांतला राग शाबूत होता.

"रागवा की," अक्काताई म्हणाली. "पोटात अन्न गेल्याबिगर नीट रागवताबी येणार न्हाय."

तिनं नाचणीची पेज चमच्यावर उभी राहील इतकी घट्ट केली होती. अर्धा चमचा. हनुवटी खाली. तिची दोन बोटं आप्पांच्या गळ्याशी. सगळं घर श्वास धरून उभं. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. ठसका नाही.

दुसरा चमचा. तिसरा. एक वाटी संपायला पाऊण तास गेला. मग आप्पांना आडवं व्हायचं होतं, तर ती म्हणाली, "न्हाय. बारा भाकऱ्या बसायचं." आणि तिथंच परात ओढून, त्यांच्यासमोर बसून ती खरोखरच भाकऱ्या थापायला लागली. सुनेनं तवा ठेवला. आप्पा एकेक भाकरी मोजत बसले. बाराव्या भाकरीला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. अक्काताईनं ते बघितलं नाही असं दाखवलं.

ती तिथं तीन आठवडे राहिली. आठव्या दिवशी मऊ भात, पंधराव्या दिवशी पातळसर हुग्गी. जीभ सुटायला लागली. एका दुपारी हुग्गीचा चमचा गिळून आप्पा अडखळत म्हणाले, "हे... तुला... डॉक्टरनं... शिकवलं?"

"न्हाय, भावजी. कुत्र्यानं शिकवलं."

सून घाबरून सासऱ्याकडं बघायला लागली. आप्पांचा चेहरा एका बाजूनं वाकडा व्हायला लागला, आणि घरातल्यांना वाटलं पुन्हा झटका. पण ते हसू होतं, अर्ध्याच तोंडाचं.

"मग," ते म्हणाले, "माझी... खुर्ची... कुठाय?"

जोतीराम खरंच आला, एसटीनं, कॅलिपर घेऊन. आप्पांच्या बगलेचं माप घेताना म्हणाला, "पावणं, हात वर करा." अशी खुर्ची झाली की आप्पा तिच्यात नुसते जेवले नाहीत, दुकानाच्या गल्ल्यावर जाऊन बसायला लागले.

मे महिन्यात हाताच्या व्यायामासाठी आप्पा कोल्हापूरला आले आणि महिनाभर अक्काताईच्याच घरी राहिले. दुपारची पंगत उठली की शेडच्या टोकाला दोन खुर्च्या शेजारी शेजारी असायच्या. एकीत आप्पा, एकीत पावणा, दोघांचाही जेवणानंतरचा वेळ भरायचा. आप्पा त्याच्याशी कानडीत बोलायचे, बाजारभाव सांगायचे, सुनेच्या तक्रारी सांगायचे. पावणा कान टवकारून ऐकायचा. "माझ्या पोरापेक्षा हे बरं ऐकतंय," आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

त्याच महिन्यात विद्याश्री स्कूटरवर पुढं टोपली ठेवून आली. टोपलीत काळी, लहानखुरी कुत्री. हमरस्त्यावर कुणाच्या तरी गाडीतून फेकलेली. मागचे दोन्ही पाय लुळे, ती पुढच्या दोन पायांवर फरफटत चालायची, पोट सोलवटून निघालेलं.

"अक्का, मी आणली म्हणून ठेवलीच पायजे असं न्हाय," डॉक्टरीण म्हणाली. "हिचं लघवीचंबी हातानं करायला लागतंय. दिवसातनं तीनदा."

अक्काताईनं नकळत आप्पांकडं बघितलं. आप्पांनी डाव्या हातानं टोपलीचं फडकं बाजूला केलं. कुत्रीनं त्यांचं बोट चाटलं.

"ठेव की," आप्पा म्हणाले. "एवढीशी गुंडी हाय. किती खाईल?"

गुंडीचं काम जोतीरामनं पंधरा दिवस मनावर घेतलं. अॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, मधे कॅनव्हासची झोळी, खाली छोटी चाकं. चाकांना बेअरिंग कृष्णातनं आणले, घासूनपुसून, तेल देऊन. एका रविवारी सकाळी सगळे शेडसमोरच्या गल्लीत जमले. गुंडीला झोळीत बसवलं, पट्टे आवळले. ती जागची हलेना. पुढचे पाय रोवून, भेदरून इकडंतिकडं बघत राहिली.

"चल गं बाई," अक्काताई पुढं बसून चुटक्या वाजवायला लागली.

गुंडीनं एक पाऊल टाकलं. मागून चाकं किणकिणली. तिनं दचकून मागं बघितलं, आणखी एक पाऊल टाकलं. पुन्हा किणकिण. पोट जमिनीला लागत नाही, काही दुखत नाही, हे तिच्या ध्यानात आलं असावं. तिनं कान मागं टाकले आणि सुटली. गल्लीच्या उतारावरून ती अशी सुसाट गेली की लेथवरची माणसं हात पुसत बाहेर आली, फौंड्रीतल्यांनी शिट्ट्या घातल्या, पावणा भुंकत तिच्या मागं धावला. आप्पा खुर्चीतून अर्धवट उठून ओरडत होते, "धरा! अगं, पलीकडं मेन रोड हाय!"

आणि पंचावन्न वर्षांची अक्काताई, पदर कमरेला खोचून, हातातलं पीठ वाऱ्यावर उडवत, हसत हसत तिच्या मागं पळत सुटली.